पिसांच्या आत हात घाला

प्रश्न: दीड वर्षापूर्वी आम्ही कोचीन जातीची सहा पिल्लं आणली. आज त्यांतल्या पाच कोंबड्या आणि एक कोंबडा आहे. त्याआधीपासूनच्या हलक्या अंगाच्या चार कोंबड्याही त्याच अंगणात आहेत. बफ, म्हणजे फिकट सोनेरी-पिवळसर रंगाची एक कोचीन महिनाभर रिकाम्या खोक्यात खुडूक बसली आहे. उठवली की दोन मिनिटांत पुन्हा जाऊन बसते, दिसायला मात्र अगदी गुबगुबीत. मध्यंतरी दुसरीच्या खाली नऊ अंडी ठेवली, त्यांतून दोनच पिल्लं निघाली. कोंबडा आठवडाभर लंगडतोय आणि त्याच्या पायांवरची पिसं विरळ झाली आहेत. नावावरून मला वाटलं होतं की ही जात केरळातल्या कोचीची असेल, उकाडा सहज सोसेल. पण दुपारी सगळ्या धापा टाकत बसतात. दीर म्हणतात, ही नुसती शोभेची जात, आयतं खाणारी, देऊन टाका. ठेवू की देऊ?
ता. क. नऊ वर्षांच्या मुलीला त्यांना मांडीवर घ्यायचं असतं. घेऊ द्यावं का?

उत्तर:

तुमच्या पत्रातला 'गुबगुबीत' हा शब्द वाचला आणि मी तिथेच थबकले. लंगडणारा कोंबडा, न फुटलेली अंडी, दिरांचं म्हणणं, सगळ्याकडे येऊ. पण आधी आज रात्री त्या खोक्यातल्या कोंबडीला उचला.

कोचीन कायमच गुबगुबीत दिसते. उपाशी असली तरी, आजारी असली तरी, अंगात उवा भरल्या असल्या तरी. आपल्याला दिसतो तो तिचा पिसारा. कोंबडी त्याच्या आत कुठेतरी असते. साध्या कोंबडीची मान बारीक झाली, चाल बिघडली की लांबून कळतं. कोचीनच्या बाबतीत नजर काही कामाची नाही, तिथे हातच लागतो. तुमच्या तिन्ही-चारही तक्रारींच्या मुळाशी मला हेच दिसतंय: तुम्ही त्यांना प्रेमाने बघता, पण चाचपत नाही.

अंधार पडल्यावर कोंबड्या निवांत असतात, तेव्हा जा. एक हात छातीखाली सरकवा आणि बोटं पिसांतून थेट कातडीपर्यंत न्या. मधोमध होडीच्या तळासारखं एक लांब हाड लागेल. दोन्ही बाजूंना मांस भरलेलं असेल आणि हाडाची कड जेमतेम जाणवत असेल तर कोंबडी ठीक आहे. हाड सुरीच्या पाठीसारखं वर आलं असेल आणि बाजूला खळगे पडले असतील तर ती झिजली आहे. उलट हाड शोधूनही सापडत नसेल आणि शेपटीखालचं पोट मऊ पिशवीसारखं लोंबत असेल तर चरबी चढली आहे. आयतं दाणापाणी मिळणाऱ्या कोचीनचं हेही नेहमीचंच. मग शेपटीखालची, गुदद्वाराभोवतीची पिसं दुभागून बॅटरीच्या उजेडात कातडी बघा. पिसांच्या मुळाशी पांढरट पुंजके चिकटलेले असतील तर त्या लिखा. मळकट दिसणाऱ्या पिसांत बारीक काळपट ठिपके पळत असतील तर तो माइट, म्हणजे सूक्ष्म किडा. त्याचा एक लाल भाऊबंद कोंबड्या रात्री बसतात त्या दांडीच्या फटीत दिवसा लपतो आणि रात्री येऊन रक्त पितो. रात्री दांडीच्या खालच्या बाजूने पांढरं फडकं फिरवलं आणि तांबडे ओघळ उमटले की समजायचं.

हे मी शहाणपणाने शिकले नाही. माझ्या पहिल्या कोचीनांतली एक काळी कोंबडी अशीच खुडूक बसली होती. रोज जाता-येता बघायचे, छान फुगून बसलेली असायची, मी निर्धास्त. पाचव्या आठवड्यात खोकं धुवायला काढलं म्हणून तिला उचललं आणि हात अंदाजापेक्षा वरच गेला, भरलेली समजून रिकामी घागर उचलावी तसा. पिसं दुभागली तर लिखांचे थरच्या थर. वाचली ती, पण पुन्हा अंड्यावर यायला तिला कित्येक महिने लागले. तेव्हापासून दर पंधरवड्याला प्रत्येकीला उचलायचं, वजनकाट्यावर ठेवायचं आणि आकडा वहीत लिहायचा हा माझा नेम आहे. अमेरिकी मानकाप्रमाणे पूर्ण वाढलेला कोंबडा सुमारे ५ किलोचा आणि कोंबडी जवळजवळ ४ किलोची असते. तुमच्या अजून भरायच्या आहेत, ही जात दोन वर्षांची होईपर्यंत अंग धरत राहते. तुमच्याकडची बुटकी, बँटम प्रकारातली असेल तर मात्र एकेक जेमतेम किलोच्या आतबाहेर भरेल. ब्रिटनमध्ये या बुटक्यांना कोचीन म्हणत नाहीत, पेकिन म्हणतात आणि वेगळी जात मानतात. शेवटी आकड्यापेक्षा आकडा कुठे चाललाय ते महत्त्वाचं. दोन पंधरवडे सलग उतरला तर काहीतरी बिनसलंय.

आता त्या बफ बाईंकडे. खुडूक बसणं हा कोचीनचा दोष समजू नका, ती या जातीची ख्यातीच आहे. बदकाची, टर्कीची, रानपक्ष्यांची अंडी उबवायलाही लोक मुद्दाम कोचीन वापरत आले आहेत. खुडूक कोंबडीच्या अंगात प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक वाढतं. मग ती अंडी घालणं थांबवते, पोटाखालची पिसं उपटून तिथली कातडी उघडी करते, दिवसातून एकदा उठते, घाईघाईने दोन दाणे टिपते, एक भलीमोठी दुर्गंधी शीट टाकते आणि परत येऊन बसते. खाली अंडी असतील तर एकविसाव्या दिवसाच्या सुमारास पिल्लांची चिवचिव सुरू होते आणि हा उपास सुटतो. रिकाम्या खोक्यात बसलेल्या कोंबडीला एकविसावा दिवस कधी येतच नाही. म्हणून ती महिना-महिना, कधी त्याहूनही जास्त बसते आणि आतून वाळत जाते.

तिच्या छातीचं हाड टोचत असेल तर आता अंडी देऊन तिला आणखी तीन आठवडे बसवू नका. खुडूक मोडा. काहीजण कोंबडी थंड पाण्यात बुडवायला सांगतात. कोचीनला हे चुकूनही करू नका. त्या पिसाऱ्याच्या आतला मऊ कापूस तासन् तास वाळत नाही, अंग गार पडतं आणि खुडूकपणा तसाच राहतो. त्याऐवजी तळाला जाळी असलेला पिंजरा घ्या, चार विटांवर उचलून ठेवा, आत भुसा-गवत काही नको, फक्त दाणा आणि पाणी. जागा उजेडाची, सावलीची आणि बाकीच्या कोंबड्या दिसतील अशी. पोटाखालून वारा खेळता राहिला की ऊब धरता येत नाही आणि तीन-चार दिवसांत डोक्यातलं भूत उतरतं. चौथ्या दिवशी सोडून बघा. बाकीच्यांबरोबर माती उकरायला गेली तर सुटलात. तडक खोक्याकडे गेली तर आणखी दोन दिवस आत. यात क्रूरपणा वाटून घेऊ नका, रिकाम्या खोक्यात तिला वाळू देणं जास्त वाईट. त्यानंतर अंड्यावर यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतील.

तब्येत बरी निघाली तर दुसरा रस्ता जास्त गोड आहे. एक-दोन दिवसांची पिल्लं मिळवा आणि गडद अंधारात, न बोलता, एकेक करून तिच्या पंखाखाली सरकवा. सकाळी जाग येईल तेव्हा ती आई झालेली असेल. पहाटे मात्र तिथेच थांबा. बहुतेक कोचीन पिल्लं स्वीकारतात, पण एखादी टोचा मारते, तेव्हा लगेच काढून घेता आली पाहिजेत. पिल्लांना पाण्यासाठी उथळ ताटली आणि तिच्यात खडे ठेवा. एवढी जड आई ताटलीत पाय देऊन सगळं उलथवते आणि भिजलेलं पिल्लू तासाभरात गारठतं.

एक सांगून ठेवते, पाचांपैकी तीन कोचीन एकाच वेळी बसल्या तरी दचकू नका, खुडूक बघून खुडूक येते. अंडी दिवसातून दोनदा उचलली आणि संध्याकाळी खोक्यांची तोंडं झाकली तर प्रमाण कमी होतं. थांबत नाही.

नऊतली दोनच फुटली, यात तुम्ही लिहिलेलं नाही ते मला हवं होतं: उरलेली सात फोडून पाहिलीत का? वास येतो म्हणून आपण ती तशीच पुरून टाकतो आणि उत्तरही त्यांच्याबरोबर पुरलं जातं. पुढच्या वेळी सातव्या रात्री प्रत्येक अंडं बॅटरीच्या तोंडावर धरून बघा. आत कोळ्यासारखा एक ठिपका आणि त्यातून फुटलेल्या लाल शिरा दिसल्या तर पिल्लू धरलंय. सगळं पिवळसर, स्वच्छ दिसलं तर ते अंडं बहुधा फळलेलंच नव्हतं. बहुतेक अंडी स्वच्छ निघाली तर कोंबड्याकडे बघायचं. शिरा दिसून पिल्लं नंतर मेली असतील तर बैठकीकडे, म्हणजे कोंबडी कुठे आणि कशी बसते तिकडे.

कोंबड्याकडे म्हणजे काय, तर पुन्हा पिसं. कोचीनच्या दोघांच्याही गुदद्वाराभोवती एवढा कापूस असतो की मीलन होतं पण काम होत नाही. अंडी उबवायची ठरल्यावर आठवडाभर आधी दोघांचीही तिथली मऊ पिसं बोथट टोकाच्या कात्रीने छाटा. उपटू नका, उपटलेलं पीस काही आठवड्यांत परत येतं, कापलेलं पुढच्या पिसझडीपर्यंत तसंच राहतं. दुसरं कारण तुमच्या पत्रातच आहे आणि तुम्ही ते वेगळी तक्रार म्हणून लिहिलंय. लंगडा कोंबडा पाच किलोचं अंग कोंबडीच्या पाठीवर तोलणार कसं? पाय दुखत असेल तर तो चढतच नाही, किंवा चढतो आणि घसरतो. त्याचा पाय बरा होईपर्यंत अंडी बसवूच नका.

बैठकीचे दोष साधे असतात. खोकं उंचावर असेल तर कोंबडी वरून धपकन अंड्यांवर उतरते. कोचीनचं घरटं जमिनीलगत हवं, पुढची पट्टी इतकी बुटकी की तिने चालत आत जावं. दुसरं, बाकीच्या कोंबड्या त्याच खोक्यात ताजी अंडी घालून जातात, मग काही अंडी आठवड्याने मागे राहतात आणि पहिली दोन पिल्लं निघाली की आई उठून जाते. दोन फुटली आणि सात राहिली, हा आकडा मला थोडा तसाही वाटतो. म्हणून बसवलेल्या प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने खूण करा आणि रोज ती उठली की बिनखुणेची काढून घ्या. साठवलेली अंडी आठवड्यापेक्षा जुनी नकोत, टोक खाली करून गार जागी ठेवलेली हवीत. नऊ ही संख्या ठीक आहे, मोठी कोचीन दहा-बारा सहज झाकते.

आता कोंबडा. पायांवरची पिसं विरळ होतात तेव्हा माझा पहिला संशय खवल्यांखाली घर करणाऱ्या माइटवर जातो. पायाची खवली मूळची गुळगुळीत, कौलांसारखी एकावर एक बसलेली असतात. हा किडा त्यांच्याखाली शिरून बोगदे करतो, खवली उचलली जातात, मध्ये पांढरट भुकटी आणि खरखरीत पोपडे जमतात. साध्या कोंबडीत हे दहा हातांवरून दिसतं. कोचीनच्या पिसांच्या पायजम्याखाली ते महिनोन्महिने झाकलेलं राहतं आणि लंगडणं सुरू झाल्यावर आपल्याला जाग येते.

उद्या सकाळी, म्हणजे पाय वाळायला पूर्ण दिवस मिळेल, टबात कोमट पाणी आणि थोडा सौम्य साबण घ्या. कुणालातरी त्याला काखेत धरायला सांगा, पंख अंगाला दाबून. कोंबडा सुरुवातीला पाय झाडेल, मग कोमट पाणी लागलं की बहुतेक वेळा डोळे मिटू लागेल. दहा मिनिटं पाय बुडू द्या. बोटांच्या पिसांत माती आणि शिटेचे वाळलेले गोळे असतील, ते ओढून काढू नका, पाण्यातच बोटांनी चुरडून सोडवा. घट्ट झालेला गोळा बोटाचं रक्त अडवू शकतो. मग जुन्या मऊ टूथब्रशने खवल्यांच्या दिशेने, वरून खाली, हलकेच घासा. पोपडे नखाने उचकटू नका, खाली ओली कातडी असते. फडक्याने टिपा, पूर्ण वाळवा आणि पेट्रोलियम जेली पिसांच्या मधून, खवल्यांवर चोळा, म्हणजे किडा गुदमरतो. आठवड्यातून एकदा, किमान महिनाभर. पाय आठवड्यात गुळगुळीत होतील ही अपेक्षा ठेवू नका, नवी खवली यायला काही महिने जातात. रॉकेल, डिझेल लावायचा सल्ला कुणी दिला तर ऐकून सोडून द्या, कातडी भाजते. पोपडे जाड असतील तर पशुवैद्याकडून आयव्हरमेक्टिन हे किडे मारणारं औषध घ्या आणि त्या काळातली अंडी किती दिवस खायची नाहीत ते त्यांनाच विचारा.

किडा एकाच्या पायावर असेल तर दहाही जणांचे पाय तपासा, तो स्पर्शाने पसरतो. दांड्याही घासून घ्या. मात्र अंड्यांवर बसलेल्या कोंबडीच्या पायाला जेली किंवा तेल लावू नका. ते कवचाला लागतं, कवचाची छिद्रं बुजतात आणि आतलं पिल्लू गुदमरतं.

धुतानाच तळपाय उलटा करून बघा. तळव्याच्या मध्यभागी काळी खपली आणि भोवती सूज, ऊब असेल तर तो तळव्याचा गळू. जड कोंबड्या उंच दांडीवरून कठीण जमिनीवर उड्या मारतात, बारीक जखम होते, घाण शिरते. लहान असेल तर रोज मिठाच्या कोमट पाण्यात शेक, जंतुनाशक मलम आणि कोरडा, मऊ तळ एवढ्याने उतरतो. मोठा आणि टणक असेल तर ब्लेड हातात घेऊ नका, ते पशुवैद्याचं काम.

आणि तुमच्या दांडीची उंची किती आहे? कोचीनला गुडघ्याएवढीही जास्त. जमिनीपासून ३० सेंटिमीटर पुरे, गोल काठीपेक्षा आठ-दहा सेंटिमीटर रुंद सपाट फळी बरी, कडा घासून गोल केलेली. बऱ्याच कोचीन तीही नाकारतात आणि खाली पसरलेल्या भुशाच्या गादीवरच झोपतात, झोपू द्या. फक्त गादी कोरडी हवी. तूस किंवा लाकडाचा भुसा वीतभर जाड, मुठीत दाबला तर गोळा होता कामा नये. ओली गादी म्हणजे पायांच्या पिसांत चिखल, अमोनियाचा वास आणि पिल्लांमध्ये रक्ती हगवण. अंगणात पाणी साचतं तिथे, विशेषतः खुराड्याच्या दाराशी, वाळू किंवा बारीक खडी टाका. चिखलात फिरणारी कोचीन म्हणजे रोज धुवायचे वीस पाय... नाही, तुमचे बारा.

विरळ पिसांचं एक कारण तुमच्या त्या चार हलक्या कोंबड्याही असू शकतात. कोचीन स्वभावाने गरीब. तिला कुणी ढकललं तर ती बाजूला होते, टोचलं तर सहन करते. चपळ कोंबड्या पायावरची पिसं खेळ म्हणून उपटतात. वाढतं नवं पीस आतून रक्ताने भरलेलं असतं, ते तुटलं की लाल ठिपका दिसतो आणि मग सगळी झुंड त्याच जागी चोच मारते. असं दिसलं तर त्या पक्ष्याला ताबडतोब वेगळा करा, स्वच्छ कापडाने दाबून रक्त थांबवा. दाण्याची आणि पाण्याची भांडी किमान दोन ठिकाणी, एकमेकांच्या नजरेआड ठेवा, म्हणजे एकच दांडगी दोन्ही अडवू शकत नाही. पीस जवळजवळ सगळं प्रथिनाचंच बनलेलं असतं. खाद्यात प्रथिनं कमी पडली, विशेषतः पिसझडीच्या दिवसांत, की कोंबड्या पिसं खायला लागतात. धान्य आणि उरलंसुरलं अन्न एकूण खाण्याच्या दहाव्या भागावर जाऊ देऊ नका. त्याने चरबी चढते आणि प्रथिनांचा भाग कमी होतो, दोन्हीकडून नुकसान.

खाद्याचा विषय निघालाच आहे तर त्या दोन पिल्लांसाठी एक गोष्ट. पोत्यावर लिहिलेलं असतं की १८ आठवड्यांनंतर अंड्यावरच्या कोंबडीचं खाद्य सुरू करा. ते लवकर अंड्यावर येणाऱ्या जातींसाठी आहे. कोचीन तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली तरणी कोंबडी, सातव्या-आठव्या, कधी नवव्या महिन्यात पहिलं अंडं देते. त्या खाद्यातला जास्तीचा कॅल्शियम अंड्याविना महिनोन्महिने पोटात गेला तर मूत्रपिंडं बिघडतात. पहिलं अंडं दिसेपर्यंत वाढीचंच खाद्य चालू ठेवा आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा. जिला लागेल ती खाईल.

उकाड्याबद्दल. नावाने तुम्हालाच नाही, पुष्कळांना फसवलंय. या कोंबड्या चीनमधून १८४०-५० च्या दशकांत जहाजांनी इंग्लंड-अमेरिकेत पोचल्या. आधी त्यांना 'कोचीन-चायना' म्हटलं गेलं, जो भाग आजच्या दक्षिण व्हिएतनाममध्ये येतो. प्रत्यक्षात त्या शांघायच्या बाजूच्या असाव्यात, म्हणून 'शांघाय' हेही नाव चालायचं. केरळातल्या कोचीशी संबंध शून्य. राणी व्हिक्टोरियाच्या पक्षिगृहात असे पक्षी पोचले आणि पुढे लोकांना कोंबड्यांचं अक्षरशः वेड लागलं. मग प्रदर्शनांसाठी पिसारा आणखी आणखी वाढवत नेला. म्हणजे तुमच्या अंगणात भर दुपारी रजई पांघरून बसलेली ही मंडळी आहेत. कोंबडीला घाम येत नाही. ती तोंड उघडून धापा टाकते आणि तुऱ्यातून, पायांतून उष्णता सोडते. पायही झाकलेले, म्हणजे तो रस्ताही अरुंद.

गार पाणी सावलीत दोन-तीन जागी ठेवा आणि दुपारी बदला. खाणं सकाळी लवकर आणि ऊन उतरल्यावर. पचनाचीही उष्णता असते. खुराड्याला आरपार वारा हवा. खुडूक बसलेली असेल तर उकाड्याच्या दिवसांत तिला दिवसातून दोन-तीनदा उचलून पाण्याशी नेऊन ठेवा, स्वतःहून ती उठणार नाही. साधी धाप चालते. पंख अंगापासून लोंबले, डोळे मिटायला लागले, मान टेकली तर तो उष्माघात. लगेच सावलीत नेऊन पाय आणि पोटाचा खालचा भाग गार पाण्यात धरा. बर्फाच्या नव्हे, साध्या गार. सावरली की पायांची पिसं कोरडी करूनच सोडा.

राहिले दीर. अंड्यांचा हिशेब मांडायला बसलात तर ते जिंकतील, वाद घालू नका. अंड्यांसाठी तयार केलेली लेगहॉर्न वर्षाला तीनशेच्या घरात जाते. कोचीनने दीडशेच्या आसपास दिली तर बाईंनी मेहेरबानी केली म्हणायचं, आणि खुडूक बसण्यात दोन-तीन महिने घालवले तर तेवढीही नाही. मांसासाठी वाढवायची म्हटली तर सावकाश वाढते. ती देते ती पिल्लं. यंत्राशिवाय, विजेशिवाय, दिव्याशिवाय, तुमच्याच नाही तर त्या चार हलक्या कोंबड्यांचीही. त्या स्वतः कदाचित कधी बसणार नाहीत. त्यांची अंडी कोचीनखाली ठेवा. कोंबडा सगळ्यांमध्ये फिरत असेल तर पिल्लं मिश्र होतील, काहींच्या पायांवर अर्धवट पिसं येतील, येऊ देत. दिरांना खरोखर अंडीच हवी असतील तर त्यांना आणखी दोन हलक्या कोंबड्या आणायला सांगा.

ठेवा, असं मी म्हणेन. पण पंधरवड्यातून एकदा दहाही पक्षी हातात घेऊन बघणं जमणार नसेल तर द्या, आणि घेणाऱ्यालाही हेच सांगून द्या.

मुलीला जरूर घेऊ द्या. उलट वजनाची वही तिच्याकडेच सोपवा, कोचीनइतकी शांत कोंबडी लहान हातांना दुसरी मिळणार नाही. उचलताना पंखांना किंवा पायांना धरून नाही. एक हात छातीखाली, दुसऱ्याने पंख अंगाशी धरायचे, आणि सोडताना पाय जमिनीला टेकेपर्यंत सोडायचं नाही. चार किलोची कोंबडी मांडीवरून उडी मारून उतरली की तळवा पुन्हा दुखावतो. नऊ वर्षांच्या मुलीला मोठी कोचीन जड जाईल, तेव्हा तिने जमिनीवर मांडी घालून बसावं आणि तुम्ही कोंबडी आणून ठेवावी. तोंडाजवळ नेऊ देऊ नका, मुके तर अजिबात नाहीत. धडधाकट दिसणाऱ्या कोंबडीच्या अंगावरही साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो. खेळून झालं की आधी साबणाने हात, मग बाकी सगळं.

कोंबड्याचा तळवा उलटा करून काय दिसलं ते मात्र कळवा. खपली काळी असेल आणि सूज बोटाएवढी वाटत असेल तर माझ्या उत्तराची वाट न बघता पशुवैद्याकडे न्या.